जुन्या गाडीचं चार्जिंग कमी पडतंय? बॅटरी बदलण्याआधी हे तपासा

कोल्हापुरात जुन्या अँबॅसिडर, पद्मिनी आणि जीपा अजून बऱ्याच घरांच्या अंगणात उभ्या आहेत. दसऱ्याला राजघराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते, ती बघून परतताना आपल्या आजोबांच्या गाडीवरचं कव्हर काढायची हुक्की अनेकांना येते. कव्हर निघतं, गाडी धुतली जाते, सेल्फ मारला की 'टक्' असा एकच आवाज येतो. मग धक्का स्टार्ट, मग नवी बॅटरी. आणि पावसाळा संपायच्या आत ती नवी बॅटरीही डाऊन.

चार्जिंगची तक्रार आली की आपल्याकडं पहिला बळी बॅटरीचा जातो. खरं तर बॅटरी ही बहुतेक वेळा मार खाणारी असते, मारणारा दुसराच कुणीतरी असतो. तो शोधायला महागडी यंत्रं लागत नाहीत. साधा मल्टिमीटर आणि एक मोकळी सकाळ पुरते. फक्त तपासायचा क्रम मोडायचा नाही. हा लेख पहिल्यांदाच बॉनेट उघडणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळं काही गोष्टी अगदी मुळापासून सांगतोय.

आधी ओळख करून घ्या

गाडी सुरू करायला वीज बॅटरी देते. इंजिन फिरायला लागलं की पट्ट्यावर फिरणारा डायनॅमो किंवा अल्टरनेटर वीज तयार करतो, दिवे-वायपर-कॉइल चालवतो आणि उरलेली बॅटरीत भरतो. किती भरायची, हे रेग्युलेटर ठरवतो.

तुमच्या गाडीत डायनॅमो आहे की अल्टरनेटर, हे बघून कळतं. डायनॅमो म्हणजे लांबट, बंद नळकांडं, मागच्या बाजूला दोन टर्मिनल: एक मोठं, एक लहान. अल्टरनेटर आखूड आणि जाडजूड असतो, अंगाला हवेच्या खाचा असतात, आत तांब्याच्या तारा दिसतात. डायनॅमोच्या गाडीत इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर एक काळी डबी बसवलेली असते. त्या डबीत रेग्युलेटर आणि कटआउट (डायनॅमो गप्प असताना त्याला बॅटरीपासून तोडणारा स्विच) अशी दोन कामं चालतात, पण आपले वायरमन सगळ्या डबीलाच 'कटआउट' म्हणतात. मीही इथं तेच म्हणतो. मूळ डायनॅमोच्या गाडीला मागाहून कुणी अल्टरनेटर बसवला असण्याचीही शक्यता बरीच असते. तेव्हा गाडीच्या सालावर जाऊ नका, डोळ्यानं बघा.

हा बिघाड आहे की गाडीचा स्वभाव?

डायनॅमोची गाडी आयडलवर चार्जिंग करत नाही. करायला ती बनवलेलीच नाही. सिग्नलला उभं राहिल्यावर चार्जिंगचा लाल दिवा मंद मिणमिणला, हेडलाइट पिवळे पडले आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर सगळं जागेवर आलं, तर गाडी ठणठणीत आहे. नव्या गाड्यांच्या सवयीमुळं लोक याला बिघाड समजतात आणि चांगला डायनॅमो खोलून घेतात.

आता जरा हिशोब करू. त्या काळातल्या लुकासच्या डायनॅमोची ताकद साधारण २० ते २२ अँपिअर, तीही इंजिन चांगलं फिरत असताना. दोन हेडलाइटमध्ये ६० वॅटचे हॅलोजन बल्ब घातले असतील तर १२० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर तिथंच गेले. मागचे-पुढचे बारीक दिवे २ अँपिअर, इग्निशन कॉइल ३ ते ४. झाले १५-१६. पाऊस सुरू झाला, वायपर लावला, की बॅटरीत भरायला जवळजवळ काहीच उरत नाही. त्यात मोठे हॉर्न आणि म्युझिक सिस्टिमचा ॲम्प्लिफायर जोडला, तर डायनॅमोला दोष देण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी दिवे लावून महाद्वार रोड, बिंदू चौक करत अर्धा तास गर्दीत रखडलात, तर डायनॅमो बराच वेळ गप्प आणि १५ अँपिअरचा खर्च चालूच. म्हणजे अर्ध्या तासात सात-साडेसात अँपिअर-अवर बॅटरीतून गेले. बॅटरी ४०-५० अँपिअर-अवरची असते. असे चार-पाच दिवस गेले आणि मध्ये एकदाही गाडी मोकळ्या रस्त्यावर पळली नाही, की सकाळी सेल्फ उचलत नाही. बिघाड कुठंच नाही, फक्त कमाई कमी आणि खर्च जास्त. अशा गाडीला आठवड्यातून एकदा दिवसाउजेडी हायवेवर तासभर पळवा, किंवा रात्रभर छोट्या चार्जरवर लावा. एवढ्यानं तक्रार मिटली तर पुढचं वाचायची गरजही नाही.

हाताशी काय ठेवायचं

डिजिटल मल्टिमीटर, साधा असला तरी चालेल. बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प. पान्यांचा सेट, जुन्या इंग्लिश धाटणीच्या गाड्यांना इंची पाने लागतात. मिलिमीटरचा पाना 'जवळजवळ बसतो' म्हणून लावला की नटाचे कोपरे गेलेच. बारीक काचपेपर, तारेचा ब्रश, जुना टूथब्रश, खायचा सोडा. बॅटरीला पाणी भरायची झाकणं असतील तर हायड्रोमीटर, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता मोजायची नळी.

काम सुरू करण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. ओढणी किंवा सैल बाही फिरत्या फॅनजवळ नको. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळं तिच्यावर वाकून बिडी-सिगारेट नको. टर्मिनल काढताना आधी अर्थची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली, केबल काढायची, जोडताना ती शेवटी जोडायची. आणि अर्थ कुठल्या बाजूची आहे ते नक्की बघा: जुन्या इंग्लिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थही असायची. अशी गाडी असेल तर मीटरच्या काड्या उलट्या लावायच्या, आणि अल्टरनेटर किंवा आजकालचा म्युझिकचा टेप जोडायच्या आधी दहादा विचार करायचा.

पहिली पायरी: बॅटरी

गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी, सेल्फ मारायच्या आधी, मीटर थेट बॅटरीच्या पोलवर लावा. केबलच्या क्लॅम्पवर नाही, शिशाच्या पोलवर. १२.६ किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. आत्ताच गाडी चालवून आला असाल तर आकडा फुगलेला दिसतो. हेडलाइट एक-दोन मिनिटं लावून बंद करा, थोडं थांबा आणि मग मोजा.

आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरवर नजर ठेवा. सेल्फ फिरताना व्होल्टेज १० च्या आसपास राहायला हवं. भरलेली बॅटरी असूनही ते ९ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी आतून गेलेली आहे, किंवा सेल्फच जास्त ओढतोय.

झाकणाची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर मीटरपेक्षा खरं बोलतो. भरलेल्या सेलमध्ये (बॅटरीच्या कप्प्यात) १.२६ ते १.२८, अर्ध्यात १.२० च्या आसपास. सहाही सेल सारखे कमी असतील तर बॅटरी नुसती उपाशी आहे, चार्ज करा. पाच ठीक आणि एक सेल ०.०५ पेक्षा जास्त खाली असेल, तर तो सेल मेला. अशा बॅटरीवर पुढच्या चाचण्या करून उपयोग नाही. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. आपल्या नळाचं पाणी पिण्याला कितीही गोड असलं तरी बॅटरीला नको.

पुढं जायच्या आधी बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्या. रिकाम्या बॅटरीवर चार्जिंगचं माप घेतलं की सगळे आकडे फसवे येतात.

दुसरी पायरी: पट्टा

उद्यमनगरात एका जुन्या वायरमनकडं मी डायनॅमो काढून हातात घेऊनच गेलो होतो. त्यांनी तो हातातही घेतला नाही. "दादा, आधी पट्टा बघितला का? पट्टा बघा, मग माझ्याकडं या."

या गाड्यांत एकच पट्टा डायनॅमो, वॉटर पंप आणि फॅन असे तिघे फिरवतो. त्यामुळं पट्टा घसरत असेल तर चार्जिंग आणि कूलिंग दोन्ही एकदम ढासळतं. पन्हाळ्याच्या चढाला गाडी तापतेय आणि त्याच आठवड्यात बॅटरीही डाऊन होतेय, असं असेल तर दोन मिस्त्री शोधू नका, पट्ट्याकडं बघा.

सर्वांत लांब पल्ल्याच्या मधोमध अंगठ्यानं दाबा. साधारण अर्धा इंच, म्हणजे १० ते १३ मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त दबला तर सैल. अजिबात दबत नसेल तर जास्त ताणलाय, तेही वाईट. डायनॅमोचं पुढचं बेअरिंग आणि वॉटर पंप दोन्ही लवकर जातात. पट्टा पिळून त्याच्या कडा बघा. काचेसारख्या चकाकत असतील तर नुसतं ताणून भागणार नाही, बदला. ताणताना डायनॅमोच्या अंगावर टामी लावायची ती पुलीकडच्या टोकाला, सावकाश.

याच वेळी डायनॅमोच्या मागच्या टोकाला बघा. लुकासच्या डायनॅमोला तिथं तेल सोडायचं बारीक भोक असतं, आत बुश असतो. इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब पुरतात. वर्षानुवर्षं इथं कुणी थेंबही टाकलेला नसतो, बुश घासतो, आर्मेचर (आतला फिरणारा भाग) हलायला लागतं. मात्र धार धरू नका. जादा तेल आतल्या कार्बनवर (आर्मेचरला टेकून वीज बाहेर आणणाऱ्या ठोकळ्यांवर) गेलं की नवीनच दुखणं.

तिसरी पायरी: वायर, जोड आणि अर्थ

माझ्या अनुभवात कोल्हापुरातल्या जुन्या गाड्यांचं निम्मं चार्जिंग इथंच गळतं. जून ते सप्टेंबर हवेत ओल असते, गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते, आणि तांब्याच्या प्रत्येक जोडावर हळूहळू हिरवी भुकटी चढते. वरून वायर धडधाकट दिसते. वायरीच्या टोकाचं थिंबल हलकेच ओढून बघा, इन्सुलेशनच्या आत तांबं काळं पडून दोन-चार तंतूंवर लटकलेलं असतं. त्या दोन तंतूंतून २० अँपिअर जाणार कसे?

बॅटरीचे क्लॅम्प काढा, पोल आणि क्लॅम्पची आतली बाजू घासून चकचकीत करा. पांढरी-हिरवी बुरशी असेल तर पाण्यात खायचा सोडा कालवून टूथब्रशनं धुवा, पण ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. घट्ट बसवून वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावा.

मग अर्थ. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चॅसीपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी असते. ती तुटली किंवा गंजली की करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट म्हणजे कधी चोकची केबल, कधी ॲक्सिलरेटरची. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली तर सरळ खाली वाकून ती पट्टी बघा.

नुकतंच रंगकाम झालेल्या गाड्यांचा एक खास आजार आहे. पेंटरनं सगळा पत्रा सुंदर रंगवला, कटआउटची डबी रंगावरच बसवली, आणि तिची अर्थ गेली. कटआउटवर 'ई' नावाचं टर्मिनल असतं, त्याची वायर पत्र्याला जिथं मिळते तिथला रंग खरवडलेलाच हवा. ही अर्थ नसेल तर डबीच्या आतल्या कॉइल कामच करू शकत नाहीत. बॅटरीला काही मिळत नाही, आणि डायनॅमोवर लगाम न राहिल्यानं तो तापत राहतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये किंवा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरात उभी राहिलेली गाडी तुम्ही विकत घेतली असेल, तर या पायरीला दुप्पट वेळ द्या. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी कुंभार गल्ली भागात तेव्हा पाणी चढलं होतं. डायनॅमो आणि सेल्फ पाण्याखाली गेले की त्यांच्यात गाळ बसतो. वरून धुऊन-पुसून चालू केलेला डायनॅमो काही महिने चालतो आणि मग बेअरिंग ओरडायला लागतं. तो खोलून साफ केलाय का, एवढा एक प्रश्न विकणाऱ्याला जरूर विचारा.

डोळ्यानं दिसत नाही ते मीटर दाखवतो. इंजिन चालू, रेस थोडी वाढवलेली, हेडलाइट लावलेले. मीटरची एक काडी बॅटरीच्या लाइव्ह (अर्थ नसलेल्या) पोलवर, दुसरी कटआउटच्या 'ए' टर्मिनलवर. अल्टरनेटर असेल तर त्याच्या मागच्या जाड टर्मिनलवर. आकडा ०.३ ते ०.५ व्होल्टच्या आत हवा. मग एक काडी बॅटरीच्या अर्थ पोलवर, दुसरी डायनॅमोच्या अंगावर. इथं ०.२ च्या आत. जास्त आलं तर त्या दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी जोड खराब आहे. एकेक तुकडा मोजत जा, खराब जोड आपोआप हाती लागतो.

चौथी पायरी: गाडी चालू असताना माप

मीटर बॅटरीवर लावा, इंजिन चालू करा, रेस १५०० ते २००० आरपीएमच्या आसपास धरा. आरपीएमचा काटा या गाड्यांत बहुधा नसतो. आयडलच्या आवाजाच्या दुपटीहून जरा वर, एवढा अंदाज पुरतो. अल्टरनेटरच्या गाडीत १३.८ ते १४.४ यायला हवं. डायनॅमोच्या गाडीत आकडा १३ च्या वर जाऊन सावकाश १४ कडं सरकला तरी छान. १२.६ वरच बसून राहिला तर चार्जिंग शून्य. १५ च्या वर गेला तर चार्जिंग जास्त होतंय, बॅटरीचं पाणी उडतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो. तेव्हा गाडी पळवू नका, आधी रेग्युलेटर बघा.

लाल दिव्याची भाषाही शिकून घ्या. किल्ली फिरवली, इंजिन बंद, तेव्हा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर आधी बल्ब बघा. बल्ब चांगला असेल तर डायनॅमोतले कार्बन टेकत नसावेत, कारण या दिव्याचा करंट डायनॅमोच्या आर्मेचरमधूनच अर्थला जातो. इंजिन चालू झाल्यावर रेस देऊनही दिवा पूर्ण लागलेला राहिला, तर डायनॅमो वीज तयार करत नाही. आणि रेसवरही अगदी मंद, काजव्याएवढा जळत राहिला, तर वीज तयार होतेय पण वाटेत एखादा जोड खराब आहे: पुन्हा तिसरी पायरी.

पाचवी पायरी: डायनॅमो की कटआउट?

वीज येत नाही, पट्टा आणि वायरी चांगल्या, तर दोष या दोघांपैकी एकात. हा निवाडा दहा मिनिटांत होतो. बाजारात मात्र अनेकदा दोन्ही बदलून बिल केलं जातं, म्हणून ही चाचणी शिकाच.

ही चाचणी 'डी' आणि 'एफ' अशी दोन टर्मिनल असलेल्या लुकास धाटणीच्या डायनॅमोची आहे. दुसऱ्या बनावटीत फील्डची (आतलं चुंबकत्व तयार करणाऱ्या कॉइलची) जोडणी वेगळी असू शकते, तिथं ती करू नका. आणि अल्टरनेटरवर तर मुळीच नाही.

इंजिन बंद ठेवून डायनॅमोच्या दोन्ही वायरी काढा. मोठं टर्मिनल 'डी', लहान 'एफ'. इंग्लिश पद्धतीत 'डी' ची वायर पिवळी आणि 'एफ' ची पिवळ्यावर हिरवी रेघ असलेली असते, पण इतक्या वर्षांत किती हात फिरलेत कोण जाणे. निघाल्या निघाल्या चिकटपट्टीवर नाव लिहून लावा. सुट्या टोकांना टेप गुंडाळा. आता डायनॅमोवरची दोन्ही टर्मिनलं एका छोट्या वायरनं एकमेकांना जोडा. मीटर २० च्या वरच्या डीसी रेंजवर ठेवा, एक काडी त्या जोडावर, दुसरी डायनॅमोच्या अंगावर खरवडलेल्या जागी.

इंजिन सुरू करून आयडलवर ठेवा आणि रेस अगदी हळू वाढवा. चांगल्या डायनॅमोत आकडा झरझर आणि न अडखळता चढतो. तो २० ला पोहोचू द्यायचा नाही, हजार आरपीएमच्या वर जायचंही कारण नाही. इथं लगाम नसल्यानं जास्त रेस दिली तर डायनॅमो स्वतःलाच जाळून घेतो. १५-१६ दिसले की रेस सोडा. डायनॅमो पास.

आकडा शून्य: कार्बन टेकत नाहीत. एक व्होल्टच्या आसपास अडकला: फील्ड कॉइलवर संशय. चार-पाच व्होल्टवर थांबला: आर्मेचरचं वाइंडिंग. चढताना आकडा नाचतोय: कम्युटेटर (आर्मेचरवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, ज्यावर कार्बन टेकतात) घाण किंवा कार्बन झिजलेले.

शून्य आलं म्हणून घाबरू नका, सगळ्यात स्वस्त दुरुस्ती तीच. मागचं झाकण दोन लांब स्क्रूवर असतं. ते काढलं की दोन कार्बन दिसतात, प्रत्येकाच्या मागं कमानी. कार्बन आपल्या खाचेत सहज खालीवर व्हायला हवा. बहुतेक वेळा तो काळ्या भुकटीनं आणि तेलानं अडकून बसलेला असतो, कमानी दाबत असते पण कार्बन हलत नाही. पेट्रोलमध्ये बुडवलेल्या फडक्यानं खाच आणि कार्बन पुसा. कार्बन पाव इंचाच्या जवळ आला असेल तर जोडी बदला. कम्युटेटरही त्याच फडक्यानं पुसा. डाग जात नसेल तर अगदी बारीक काचपेपर. एमरी पेपर नको, त्याचे कण तांब्यात रुततात आणि वीज वाहून नेतात. कम्युटेटरवर खोल चर पडले असतील तर लेथवर फिरवून घ्यावा लागतो, आणि मग पट्ट्यांच्या मधला अभ्रक थोडा खाली कापावा लागतो. शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्यांची वाण नाही, पण हा अभ्रक कापायला विसरणारेही भेटतात. आर्मेचर परत घेताना नख फिरवून बघा: दोन पट्ट्यांच्या मध्ये नख अडकलं पाहिजे.

डायनॅमो दुरुस्त करून आणला किंवा गाडी अनेक वर्षं उभी होती, तर त्याच्या लोखंडातलं थोडं चुंबकत्व गेलेलं किंवा उलटं झालेलं असू शकतं. ते परत भरायचं: 'एफ' ची वायर काढून, बॅटरीच्या लाइव्ह पोलपासून एक वायर घेऊन डायनॅमोच्या 'एफ' टर्मिनलला क्षणभर दोन-तीनदा टेकवायची. बारीक ठिणगी उडते, काम झालं. हे न केल्यामुळं चांगला डायनॅमो 'खराब' म्हणून परत नेलेले लोक मी बघितलेत.

डायनॅमो पास झाला तर उरलं कटआउट. बॅटरीची केबल काढा, डबीचं झाकण उघडा. आत दोन गुंडाळ्या आणि त्यांचे पॉइंट दिसतील. पॉइंट काळे असतील तर बारीक काचपेपरची पट्टी मधून ओढा आणि स्पिरिटच्या फडक्यानं पुसा. ॲडजस्टमेंटचे स्क्रू मात्र फिरवू नका. ते नीट लावायला चांगला व्होल्टमीटर, ठरलेली पद्धत आणि सरावाचा हात लागतो. पाव फेरी इकडंतिकडं झाली की बॅटरी उकळते किंवा उपाशी राहते.

एक धोका लक्षात ठेवा. किल्ली काढल्यावरही डॅशबोर्डवरच्या ॲमीटरचा (बॅटरीत येणारा-जाणारा करंट दाखवणाऱ्या मीटरचा) काटा डिस्चार्जच्या टोकाला असेल, तर कटआउटचे पॉइंट चिकटलेत. बॅटरी उलटी डायनॅमोत रिकामी होतेय आणि वायरी तापतायत. विचार करत बसू नका, बॅटरीची केबल काढा.

अल्टरनेटर असेल तर

इथं घरी करण्यासारखं कमी आहे. लाल दिव्याचा बल्ब उडाला तर बऱ्याच जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचं चुंबकत्व मिळत नाही आणि चार्जिंग सुरूच होत नाही. दहा-वीस रुपयांच्या बल्बसाठी अल्टरनेटर खोलला जातो. चार्जिंग अर्धवट आणि दिवे सूक्ष्म थरथरतात, तर आतला डायोड (एसीचा डीसी करणारा भाग) गेला असेल. मीटर एसीवर ठेवून चालू गाडीत बॅटरीवर मोजा; अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर संशय पक्का. आणि 'चार्जिंग बघायला' चालू गाडीत बॅटरीची केबल काढायची ती जुनी युक्ती अल्टरनेटरवर कुणालाही करू देऊ नका. क्षणात डायोड आणि रेग्युलेटर जातात.

चार्जिंग ठीक, तरी सकाळी बॅटरी डाऊन

मग रात्री कुणीतरी वीज पितंय. सगळं बंद करा, दारं लावा, बॅटरीची अर्थ केबल काढून पोल आणि केबलच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या खाचेत जोडा. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका. घड्याळ आणि टेप सोडले तर या गाड्यांत रात्री जागं राहणारं काहीच नसतं, तेव्हा ०.०५ अँपिअरच्या वर काही दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजनं आकडा पडला, त्या लाइनीत चोर. डिकीतला पाच वॅटचा दिवा बंद होत नसेल तर तो एकटा दिवसाला १० अँपिअर-अवर खातो. एकाही फ्यूजनं आकडा पडला नाही, तर अल्टरनेटरची जाड वायर काढून बघा. खराब डायोड गाडी उभी असतानाही बॅटरी पितो.

वायरमनकडं जाताना

'चार्जिंग होत नाही' एवढंच सांगितलं की तो त्याच्या अंदाजानं सुरू करणार. त्याऐवजी आकडे सांगा: सकाळी १२.५ होती, रेसवर १२.६ च्या पुढं जात नाही, पट्टा नवा आहे, डी-एफ जोडून डायनॅमो १६ देतो. समोरचा माणूस लगेच कटआउटकडं वळतो. जुने भाग बदलले तर काढलेले परत मागून घ्या. जुना डायनॅमो तर कधीच टाकून देऊ नका, वाइंडिंग करून तो पुन्हा उभा राहतो.

डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवावा का, हे मला नेहमी विचारलं जातं. गाडी रोजची असेल, रात्री चालत असेल, पावसात गगनबावड्याकडं जात असेल, तर बसवा. अल्टरनेटर आयडललाही चार्जिंग देतो. पण ३५-४० अँपिअरचाच घ्या आणि अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची वायर नवी, जाड टाका, कारण जुनी वायर २० साठी होती. जुना ॲमीटरही तेवढ्यासाठीच बनलेला असतो, तो सर्किटमधून काढून त्या जागी व्होल्टमीटर लावा. गाडी फक्त दसऱ्याला आणि लग्नकार्याला बाहेर निघत असेल, तर मात्र डायनॅमोच राहू द्या आणि हेडलाइटमध्ये मूळ वॅटचे बल्ब परत बसवा.

सगळं झाल्यावर अंधार पडल्यावर हेडलाइट लावून जोतिबाच्या डोंगरावर एक फेरी मारा, मीटर बॅटरीला जोडून काड्या काचेच्या फटीतून आत घेऊन. शेजारी बसलेल्याला आकडे वाचायला सांगा. चढावर दिवे लावलेले असताना १३ च्या वर राहिला तर ठीक. रात्री गाडी लावा, सकाळी उठल्यावर पुन्हा पोलवर मोजा. १२.५ च्या वर असेल तर त्या दिवशी सेल्फ एका झटक्यात उचलेल.